‘शुगर’ : खड्यापासून कोयत्यापर्यंत एका शब्दाचा प्रवास

थ्रेड 🧵

१. इंग्रजीतील एक अगदी साधे, घरगुती नाम घेऊ : ‘शुगर’. चहाच्या कपापासून रक्ततपासणीच्या अहवालापर्यंत ते सर्वत्र भेटते. हा शब्द मुळात भारतीय आहे, हे अनेकांनी ऐकलेले असते. त्याचा पहिला अर्थ गोड पदार्थ असा नव्हता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. या शब्दाचा प्रवास संस्कृतातून सुरू होतो, अर्ध्या जगाला वळसा घालतो आणि आमच्या बीड जिल्ह्यातील उसतोडीच्या टोळ्यांपर्यंत येऊन पोहोचतो. त्या प्रवासाविषयी हा थ्रेड.

२. मूळ संस्कृत शब्द ‘शर्करा’. त्याचा जुना अर्थ : खडे, वाळूमिश्रित बारीक दगड, रेव. अथर्ववेदात शर्करा येते ती याच अर्थाने. आयुर्वेदानेही हा अर्थ जपला. सुश्रुतसंहितेत मुतखड्याची चर्चा करताना ‘अश्मरी’ आणि ‘शर्करा’ असे दोन शब्द येतात. मोठा खडा तो अश्मरी, आणि लघवीवाटे पडणारे बारीक कण ती शर्करा. म्हणजे हा शब्द स्वयंपाकघरात शिरण्यापूर्वी नदीकाठी आणि वैद्याच्या घरी वावरत होता.

३. मग रेवेचे नाव गोड पदार्थाला कसे मिळाले? उत्तर कढईत आहे. उसाचा रस आटवत नेला की आधी काकवी होते, मग गूळ. त्यापुढे मळी निथळू दिली की उरतात कण. हाताला लागणारे, दाताखाली करकरणारे कण. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात या पायऱ्यांची यादीच आहे : फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा. यादीचा क्रम पातळ काकवीकडून कोरड्या दाण्याकडे जातो. शेवटच्या दाण्याला पाहणाऱ्यांनी रेवेचे नाव दिले, कारण तो रेवेसारखा दिसत होता.

४. पालीत ‘सक्खरा’ हा शब्द खडे आणि साखर या दोन्ही अर्थांनी आढळतो. प्राकृतातून ‘सक्करा’ आणि त्यातून आपली ‘साखर’ आली. खड्याची आठवण मराठीत दुसऱ्या वाटेनेही टिकून आहे. रस्त्यावर अंथरतो ती खडी, आणि देवापुढे ठेवतो ती खडीसाखर. चिनी लोकांनीही या पदार्थाला ‘शी-मी’, म्हणजे ‘दगडी मध’ म्हटले. दोन दूरच्या संस्कृतींना एकाच गोष्टीचे नवल वाटले होते : गोड वस्तू दगडासारखी कशी असू शकते?

५. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०, हे ज्ञानेश्वरीचे वर्ष. त्या ग्रंथात साखर उपमेसाठी सहज येते. उपमेत येणारी वस्तू श्रोत्यांच्या ओळखीची असावी लागते. म्हणजे गोदावरीकाठच्या मराठी श्रोत्याला तेराव्या शतकात साखर आणि तिची गोडी समजावून सांगावी लागत नव्हती. हे वर्ष लक्षात ठेवा. याच काळात इंग्लंडमध्ये काय चालले होते, ते पुढे येईल.

६. आता पश्चिमेकडे वळू. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस याने भारतातील एका नवलाची नोंद केली : येथे मधमाश्यांवाचून मध देणारे बोरू आहेत. त्याचे हे म्हणणे स्ट्रॅबोने पुढे उद्धृत केले. पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायस्कोरिडीस ‘साक्खरॉन’ नावाचा पदार्थ वर्णन करतो : बोरूंमध्ये सापडणारा घट्ट झालेला मध, मिठासारखा दिसणारा, दाताखाली फुटणारा. त्याचा समकालीन रोमन लेखक प्लिनी सांगतो की अरबस्तानातही तो मिळतो, पण भारतातला अधिक चांगला, आणि त्याचा उपयोग केवळ औषधासाठी होतो.

७. त्याच शतकातील ‘पेरिप्लस’ हे ग्रीक व्यापारी मार्गदर्शक आपल्या अधिक जवळचे. भडोच आणि भोवतालच्या प्रदेशातून पूर्व आफ्रिकेकडे जाणाऱ्या मालात गहू, तांदूळ, तूप, तिळेल आणि कापडाबरोबर ‘साक्खरी नावाचा बोरूचा मध’ नोंदलेला आहे. याच ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, यांचाही उल्लेख आहे. तेथील माल बैलगाड्यांनी अवघड वाटेने भडोचला जाई. नकाशावर पैठण आणि तेर यांना जोडणारी सरळ रेषा ओढून पाहा. ती जवळजवळ बीड शहरावरून जाते.

८. शब्दाचा पुढचा प्रवास नकाशासारखा वाचता येतो. फारसीत ‘शकर’. अरबीत ‘सुक्कर’. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘सुक्कारुम’, इटालियनमध्ये ‘झुक्केरो’, जुन्या फ्रेंचमध्ये ‘सुक्र’, जर्मनमध्ये ‘त्सुकर’. स्पॅनिश ‘असुकार’ आणि पोर्तुगीज ‘असुकर’ यांच्या आरंभीचा ‘अ’ हा अरबी ‘अल्’ या उपपदाचा अवशेष आहे. स्पेनमध्ये ऊस अरबांनी नेला, याची साक्ष ते एक अक्षर आजही देते.

९. सन १२२६ मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याने विंचेस्टरच्या नगराध्यक्षाला तीन पौंड अलेक्झांड्रियाची साखर मिळवून देण्यास सांगितले, आणि तेही ‘मिळालीच तर’ या सुरात. राजाच्या मुदपाकखान्यासाठी दीड किलोहून कमी साखर! इंग्रजी नोंदींत हा शब्द रुळू लागला तो तेराव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे ज्ञानेश्वरी साखरेची उपमा देत होती, त्याच सुमारास इंग्रजी भाषा हा शब्द नुकता शिकत होती.

१०. येथे एक गैरसमज दूर करू. ‘शर्करा’ आणि ‘शुगर’ या दोन्हींत ‘श’ आहे, म्हणून तो ध्वनी थेट संस्कृतातून गेला, असे अनेकदा सांगितले जाते. तसे नाही. अरबीत जाताना ‘श’चा ‘स’ झाला, आणि युरोपात हा शब्द ‘स’ घेऊनच शिरला. इंग्रजीतही आरंभी ‘स’च होता. पुढे इंग्रजीच्या स्वतःच्या उच्चारबदलात ‘स्यु’चा ‘शु’ झाला. ‘खात्री’ या अर्थाच्या ‘शुअर’ या शब्दाचेही तेच झाले. दोन्ही टोकांना ‘श’ असणे हा योगायोग आहे. व्युत्पत्तीत केवळ दिसण्यावर विसंबू नये, याचे हे उत्तम उदाहरण.

११. शर्करेचे आणखी वंशज इंग्रजीत आहेत. गुळाला ‘जॅगरी’ म्हणतात. तो शब्द शर्करेच्याच दक्षिण भारतीय रूपावरून पोर्तुगीजांनी ‘जागरा’ म्हणून उचलला आणि इंग्रजांना दिला. म्हणजे ‘शुगर’ आणि ‘जॅगरी’ ही एकाच आजीची नातवंडे. ‘कँडी’ मात्र वेगळ्या घरातली : संस्कृत ‘खण्ड’, फारसी ‘कंद’, अरबी ‘कंदी’, मग फ्रेंचमार्गे इंग्रजी. १८७९ मध्ये सापडलेल्या कृत्रिम गोडीला ‘सॅकरिन’ हे नाव मिळाले ते लॅटिन रूपावरून. जिच्यात साखर अजिबात नाही, तिचेही नाव साखरच.

१२. उलटा प्रवासही झाला. हिंदीत साखरेला ‘चीनी’ आणि खडीसाखरेला ‘मिस्री’ म्हणतात. एक नाव चीनचे, दुसरे मिस्रचे, म्हणजे इजिप्तचे. ज्या देशाने जगाला हा शब्द दिला, तेथे बाहेरच्या देशांची नावे रूढ झाली! यामागे कारागिरीची देवाणघेवाण आहे. ६४७ मध्ये तांग सम्राटाने साखर करण्याची रीत शिकण्यासाठी मगधाकडे माणसे पाठविली होती. पुढे चीन आणि इजिप्त या दोन्ही देशांनी शुभ्र, शुद्ध साखरेत नाव कमावले. मराठीने मात्र ‘साखर’ सोडली नाही.

१३. आज इंग्रजी ‘शुगर’चे अर्थ अनेक. खाण्याचा पदार्थ तर आहेच. रसायनशास्त्रात ग्लुकोज, फ्रुक्टोज, लॅक्टोज अशा एका संपूर्ण वर्गाचे ते नाव आहे, आणि प्रेमाचे संबोधनही आहे. मराठीत हा शब्द परत आला तो वेगळाच अर्थ घेऊन. ‘त्यांना शुगर आहे’ म्हणजे मधुमेह आहे. सुश्रुतांच्या ग्रंथात शर्करा हे विकाराचे नाव होते. जग फिरून आल्यावर तो शब्द आपल्याकडे पुन्हा विकाराचेच नाव झाला.

१४. येथवरची गोष्ट कोणत्याही चांगल्या व्युत्पत्तिकोशात मिळेल. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला आणखी एक प्रश्न पडला पाहिजे. वस्तू आणि तिचे नाव इतक्या भाषांत गेले. ती वस्तू घडविणाऱ्या माणसाचे काय? त्यासाठी उसाचा एक स्वभाव समजून घ्यावा लागतो. तोडलेला ऊस टिकत नाही. तोडल्यापासून त्यातील साखर घटू लागते, म्हणून तो शक्य तितक्या लवकर गाळावा लागतो. धान्य साठवता येते, ऊस नाही. त्यामुळे शेतातल्या माणसाचे घड्याळ चरकाच्या हाती जाते.

१५. १४९३ मध्ये कोलंबसाने दुसऱ्या सफरीत ऊस कॅरिबियन बेटांवर नेला. पुढची साडेतीन शतके तेथील उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांना राबविले गेले. हंगामात चरक आणि भट्ट्या रात्रंदिवस चालत. तेराव्या शतकात राजाला दुर्मीळ असलेला पदार्थ अठराव्या शतकात इंग्लंडमधील सामान्य माणसाच्या चहात पडू लागला, तो या श्रमांवर. शब्द स्वस्त झाला, कारण माणूस स्वस्त करण्यात आला होता.

१६. ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी रद्द करणारा कायदा १ ऑगस्ट १८३४ पासून लागू झाला. त्याच वर्षी मॉरिशसच्या ऊसमळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर नेण्यास सुरुवात झाली. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे त्या बेटावर उतरली. बहुसंख्य भोजपुरी प्रदेशातली, तमिळ आणि तेलुगू भाषकही पुष्कळ. आणि मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मराठी माणसेही त्यांत होती. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून ओळखले जातात. इंग्रजी ‘ॲग्रीमेंट’चे मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले आणि माणूस ‘गिरमिटिया’ झाला. माणसाचे नाव कागदावरून पडले.

१७. आता महाराष्ट्रात येऊ. १९५० मध्ये लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना ही त्या काळी मोठी झेप होती. तिने पश्चिम महाराष्ट्राचे अर्थकारण आणि राजकारण पालटले. पण सभासद होण्यासाठी जमीन आणि ऊस लागत असे. तो ऊस तोडणारा या सहकारात भागीदार नव्हता. तो बाहेरून आणावा लागला, आणि तो मोठ्या संख्येने आला बीडमधून.

१८. बीडच का? हा जिल्हा पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतो. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, केज, वडवणी या भागांत बालाघाटच्या डोंगररांगा, उथळ माती आणि बेभरवशाचा पाऊस. खरिपाचे एक पीक घेतले की शेताचे काम संपते. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. सिंचन आणि उद्योग येथे उशिरा आले. १९७२ च्या दुष्काळाने उरलासुरला आधार मोडला. जिल्ह्यात कारखाने नाहीत, असे नव्हे. अंबाजोगाईजवळच्या एका वस्तीचे नावच अंबासाखर आहे. माजलगाव, गेवराईकडे ऊसही आहे. तरीही दसरा-दिवाळीच्या सुमारास डोंगरपट्ट्यातली गावे रिकामी होतात.

१९. या स्थलांतराचा स्वतःचा शब्दकोश आहे. त्यातील मध्यवर्ती शब्द ‘कोयता’. कोयता हे हत्यार आपल्याला ठाऊक आहे. कन्नड आणि तमिळमध्ये ‘कोय्’ या धातूचा अर्थ कापणे, पीक काढणे असाच आहे. पण मुकादमाच्या वहीत कोयता म्हणजे माणसे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा कोयता. ‘यंदा किती कोयते निघाले?’ या प्रश्नाचे उत्तर माणसांच्या संख्येत असते. इंग्रजीत कामगाराला ‘हँड’ म्हणण्याची जुनी रीत आहे. तेथे निदान शरीराचा अवयव तरी होता. येथे हत्यार आहे.

२०. दुसरा शब्द ‘उचल’. हंगामापूर्वी जोडीला आगाऊ मिळणारी रक्कम. ती पुढे मजुरीतून फेडायची असते; फिटली नाही तर पुढच्या हंगामावर जाते. ती देणारा ‘मुकादम’. हा शब्द अरबी. मूळ अर्थ ‘पुढे ठेवलेला’, अग्रणी. मराठेकालीन कागदपत्रांत ‘मोकदम’ म्हणजे गावचा पाटील. गावाच्या वतीने सरकारशी बोलणारा तो मोकदम, आणि आज कारखाना व टोळी यांच्या मधला तो मुकादम. शब्दाला मान पाटलाकडून मिळाला, काम मात्र बदलले.

२१. फडातील काम पाहा. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडख्याच्या भागात साखर अधिक असते. म्हणून दिवसभर वाकून राहावे लागते. मग पाचट सोलणे, वाढे छाटणे, मोळी बांधणे, ती डोक्यावर घेऊन गाडीत चढविणे. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. तोडलेला ऊस थांबत नाही. कॅरिबियन मळ्यांतील रात्रपाळ्यांमागे जे कारण होते, तेच येथे आहे. बीडचा तोडणी कामगार गुलाम नव्हे, तो कायद्याने स्वतंत्र नागरिक आहे. पण पिकाच्या स्वभावाचा भार शेवटी कोणी उचलायचा, या प्रश्नाचे उत्तर दोन्हीकडे सारखेच निघाले.

२२. ‘कोयता’ हे मोजमाप संसारातही शिरते. उचल जोडीला मिळते. म्हणून हंगामाआधी मुलामुलींची लग्ने लहान वयात उरकण्याचा दबाव येतो. कामावर एक दिवस न जाणे म्हणजे ‘खाडा’, आणि खाड्याला दंड. पाळीच्या दिवसांत, आजारपणातही तो चुकत नाही. जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितले की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. हा आकडा जिल्ह्यातील सर्व स्त्रियांचा आहे. त्यांत ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण मोठे असल्याच्या तक्रारींवरून शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

२३. आता मराठीतील समास तपासून पाहा. साखर कारखाना. साखरसम्राट. साखरपट्टा. साखर आयुक्त. मालकी, सत्ता आणि प्रतिष्ठा जेथे आहे, तेथे शब्द ‘साखर’. आणि जो तोडतो तो? ऊसतोड कामगार. ‘ऊस’ हा इक्षूपासून आलेला, ‘उच्छु’ या प्राकृत रूपातून घडलेला वेगळा शब्द. पिकवणाराही ‘ऊस उत्पादक’. चरकाच्या अलीकडे ऊस, पलीकडे साखर. ही सीमा कोणी मुद्दाम आखलेली नाही. पण कोणाचा वाटा कोठे संपतो, हे भाषेने अचूक टिपले आहे.

२४. ही सीमा ओलांडणारा एकच शब्द मला सापडतो : ‘साखरशाळा’. आईवडिलांबरोबर कारखान्यावर गेलेल्या मुलांसाठी तेथेच भरविलेली शाळा. पुढे मुलांना गावीच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आली. दोन्हींच्या मर्यादा आहेत; शाळा कधी दूर असते, कधी हंगामाच्या मध्यावर सुरू होते. तरीही शब्दाच्या दृष्टीने पाहा : तोडणाऱ्याच्या घरात ‘साखर’ हा शब्द आला, तो मुलाच्या शाळेमुळे.

२५. बदल होत आहेत. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनामागे सुमारे २७३ रुपयांवरून ३६६ झाला. लक्षात घ्या, हा दर टनाचा आहे. किती तास वाकले, किती मोळ्या वाहिल्या, गाडीची किती वेळ वाट पाहिली, हे त्यात मोजले जात नाही. तोडणी यंत्रेही फडांत उतरत आहेत. उद्या कोयता हा शब्द वहीतून गेला, तर त्यामागच्या माणसांचे काय होणार, हा बीडपुढचा खरा प्रश्न आहे.

२६. व्युत्पत्ती सांगताना आपण बहुधा अभिमानापाशी थांबतो : शब्द आमचा, जगाने उचलला. अभिमान अस्थानी नाही. पण या एका शब्दाच्या मागे दोन कोश आहेत. पहिला शर्करा, शकर, सुक्कर, शुगर यांचा. तो छापलेला आहे. दुसरा कोयता, उचल, खाडा, फड, मोळी, वाढे, कोपी यांचा. तो बहुतांशी बोलण्यात आहे, आणि यंत्रे आली की लवकर पुसला जाईल. पहिला जपायला विद्यापीठे समर्थ आहेत. दुसरा आपल्याला गोळा करावा लागेल.

२७. म्हणून शेवटी एक विनंती. तुमच्या घरात, गावात, नात्यात कोणी तोडणीला गेले असेल, तर त्यांच्या तोंडचे शब्द विचारा आणि या थ्रेडखाली लिहा. शब्द, अर्थ, तालुका एवढे पुरे. व्यक्तीचे नाव नको. आष्टीत एखाद्या वस्तूला जे म्हणतात, ते परळीत कदाचित म्हणत नसतील. जमलेले शब्द एकत्र करून पुढचा थ्रेड त्यांचाच करू.